आधी फरक, मग सरासरी

सांख्यिकी सहावी-सातवी-आठवीच्या मुलांना गणिताच्या तासाला शिकवूच नये, असं माझं कितीतरी वर्षं ठाम मत होतं. आज मी याच्या नेमकं उलट म्हणते. या तीन इयत्तांच्या गणितात एकाच भागाला जास्तीची जागा द्यायची ठरली, तर ती सांख्यिकीला द्यावी. मत का बदललं हे सांगायचं तर आधी जुनं मत नीट मांडायला हवं. ते आळसापोटी आलेलं नव्हतं. त्यामागे कारणं होती, आणि माझ्या माहितीतले मन लावून शिकवणारे कितीतरी गणितशिक्षक आजही तीच कारणं देतात.

पहिलं कारण खात्रीचं. सातारा जिल्ह्यातल्या खेड्यांत सहावी ते आठवीला मी गणित शिकवत आले. या वयात मुलांना पहिल्यांदा ‘नेहमीच’ म्हणता येऊ लागतं. त्रिकोण कसाही काढा, तीन कोनांची बेरीज १८० अंशच येते. दोन विषम संख्या कोणत्याही घ्या, बेरीज समच होते, आणि का होते हेही सांगता येतं. एरवी खरं-खोटं बहुतेक वेळा वडीलधारी माणसं ठरवतात. गणिताच्या तासाला मात्र बारा वर्षांची मुलगी फळ्याकडे बोट दाखवून म्हणू शकते, ‘बाई, असं होणारच नाही.’ ही ताकद मला फार मोलाची वाटायची आणि आजही वाटते. सांख्यिकीत ‘नेहमीच’ नसतं. तिथे ‘बहुतेक’ असतं, ‘साधारण’ असतं. ज्या वयात खात्रीची ओळख होते, त्याच वयात ‘साधारण’ हाताशी दिलं तर मुलं सगळंच साधारण धरून चालतील, अशी मला धास्ती होती.

दुसरं कारण मजकुराचं. या इयत्तांत सांख्यिकी म्हणून काय असतं? ताळ्याच्या खुणा, चित्रालेख, स्तंभालेख, जोडस्तंभालेख, वारंवारतेची सारणी आणि सरासरी. सरासरी म्हणजे सगळ्या संख्यांची बेरीज करा आणि जितक्या संख्या तितक्यांनी भागा. यात नवं गणित कुठे आहे? ही तर चौथीतली बेरीज आणि चौथीतला भागाकार. मध्यक आणि बहुलक नववीत येतातच. पुढे बीजगणित पक्कं झालं की प्रमाण विचलन, संभाव्यता हे सगळं नीट पायावर शिकता येईल. तोवर थांबावं, असा माझा हिशेब होता.

तिसरं कारण वेळेचं. पूर्णांक संख्या, अपूर्णांक, बैजिक राशी, समीकरणं, भूमितीच्या रचना यांनाच वर्ष पुरत नाही. त्यामुळे हे प्रकरण फेब्रुवारी-मार्चात उरकलं जायचं. सोपं प्रकरण, हक्काचे मार्क, असं मुलंही म्हणायची आणि आम्ही शिक्षकही.

या मताला पहिला धक्का बसला तो उलट्या प्रश्नानं. सरासरी काढा, हे गणित वर्गातली जवळजवळ सगळी मुलं बिनचूक करत. मग मी विचारलं: पाच घरं आहेत, दर घरी सरासरी ५ माणसं आहेत, तर कोणत्या घरी किती माणसं असतील? उत्तर आलं ५, ५, ५, ५, ५. ते बरोबरच आहे. मग मी अट घातली, की एकाही घरी नेमकी ५ माणसं नाहीत. आता वर्ग थबकला. ज्यांना सरासरीचं सूत्र धडाधड म्हणता येत होतं त्यांतल्या काहींनी सांगितलं, की असं होऊच शकत नाही. सरासरी ५ आहे म्हटल्यावर कुणाकडे तरी ५ असणारच, असं त्यांना वाटत होतं. काही मुलं आकडे घालून, बेरीज करून, पुन्हा खोडून चाचपडत होती. हळूहळू कुणी ३, ४, ६, ६, ६ असं मांडलं, कुणी २, ३, ४, ८, ८.

अमेरिकेत जॅन मोक्रॉस आणि सुझन जो रसेल या दोन संशोधकांनी १९९५मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास मी पुढे वाचला. चौथी, सहावी आणि आठवीतल्या २१ मुलांशी त्यांनी असेच उलटे प्रश्न घेऊन सविस्तर बोलणं केलं होतं. चिप्सच्या पुड्यांची सरासरी किंमत सांगायची आणि एकेका पुड्यावर किंमत मुलांना लिहायला सांगायची, अशा धर्तीचे हे प्रश्न. त्यांना जे दिसलं ते मला माझ्या वर्गात दिसत होतं. काही मुलं सरासरी म्हणजे सगळ्यांत जास्त वेळा येणारी संख्या समजतात, काही मधली संख्या समजतात, काहींना ती रास्त वाटेल अशी कुठलीतरी संख्या वाटते. आणि काहींच्या दृष्टीनं सरासरी म्हणजे निव्वळ एक कृती असते: बेरीज करा, भागा. या शेवटच्या मुलांना कृती येते, पण तिच्यातून आलेला आकडा मूळ संख्यांविषयी काय सांगतो, ते सांगता येत नाही. कृती लवकर शिकवली की समज आपोआप येते, असं नाही. कधीकधी कृती समजेच्या जागी ठाण मांडून बसते.

मी उलट्या प्रश्नावर रेंगाळत राहिले. ३, ४, ६, ६, ६ यांतली प्रत्येक संख्या ५पासून किती दूर आहे ते मुलांना लिहायला सांगितलं. दोन कमी, एक कमी, एक जास्त, एक जास्त, एक जास्त. कमी एकूण तीन, जास्त एकूण तीन. दुसरं उदाहरण घेतलं: २, ३, ४, ८, ८. कमी सहा, जास्त सहा. मग प्रश्न आला, आणि तो मुलांकडूनच आला: ‘बाई, हे नेहमीच जुळतं का?’ नेहमीच जुळतं, आणि का जुळतं ते सातवीतल्या बीजगणितानं सिद्धही करता येतं. ज्या विषयात ‘नेहमीच’ नाही असं मी म्हणत होते, त्याच विषयात मला हवं ते ‘नेहमीच’ सापडलं, तेही मुलांनी स्वतः शोधलेलं. माझं दुसरं कारण इथे डळमळलं. सरासरीत नवं गणित आहे. ते बेरजेत आणि भागाकारात नाही. कमी आणि जास्त एकमेकांना तोलून धरतात, त्यात आहे.

दुसरी गोष्ट मोजमापाची. वर्गाची लांबी प्रत्येकानं मीटरपट्टीनं मोजायची आणि दुसऱ्याला न दाखवता लिहायची, एवढीच कृती. मुलांना आधी वाटतं, सगळ्यांचं उत्तर एकच येणार. कारण वर्ग एकच आहे. पण तसं होत नाही. समजा पाच मुलांचे आकडे असे आले: ७ मीटर १२ सेंटिमीटर, ७ मीटर ९, ७ मीटर १०, ७ मीटर ११ आणि ६ मीटर ११. पहिल्या चारांत जो थोडाथोडा फरक आहे, तो पट्टी जराशी तिरकी ठेवण्याचा, खूण करताना बोट सरकण्याचा. हा फरक कुणाच्या हलगर्जीपणाचा नाही. मोजणं म्हटलं की तो येतोच. पाचव्या आकड्याची गोष्ट वेगळी. तिथे बहुधा एक अख्खा मीटर मोजायचा राहिला. या पाच आकड्यांची सरासरी ६ मीटर ९० सेंटिमीटरच्या आसपास येते. म्हणजे एका राहून गेलेल्या मीटरनं सरासरीला चारही नीट मोजमापांच्या खाली ओढलं. पण पाचही आकडे चढत्या क्रमानं मांडून मधला उचलला, तर तो ७ मीटर १० येतो. मध्यक त्या चुकलेल्या आकड्यानं हलत नाही. मध्यक म्हणजे काय आणि तो कशासाठी हवा, हे एका तासात सहावीच्या मुलांना कळतं. त्याला नववीपर्यंत थांबायचं काय कारण?

मग त्याच मुलांना स्वतःची वीत मोजायला सांगितली. इथेही आकडे वेगवेगळे येतात, पण या फरकाची जात निराळी आहे. वर्गाची लांबी खरी एकच आहे आणि आपण तिच्या भोवती घोटाळतो. विती मात्र खरोखरच वेगवेगळ्या आहेत. एकीकडे फरक मोजण्यात आहे, दुसरीकडे फरक वस्तूतच आहे. दोन्ही वेळा आकड्यांच्या रेघेवर ठिपके मांडले, एकावर एक रचले, की मुलांना ठिपक्यांचा आकार दिसू लागतो: कुठे दाटी आहे, कुठे विरळ आहे, कोण एकटा दूर पडला आहे. माझ्या मते सांख्यिकीची सुरुवात इथे आहे. जगातल्या गोष्टी एकसारख्या नसतात, आणि तरी त्यांच्याविषयी काहीतरी भरवशाचं बोलता येतं. हे एकदा दिसलं की सरासरी काय, मध्यक काय, ती या पसाऱ्याविषयी बोलण्याची साधनं ठरतात. आधी सरासरी शिकवली आणि पसारा दाखवलाच नाही, तर मूल साधन हातात घेऊन बसतं आणि ते कशाला लावायचं ते त्याला माहीत नसतं.

पसारा दाखवायला आपल्याकडे पावसाइतकं चांगलं उदाहरण दुसरं नाही. २६ जुलै २००५ला मुंबईत सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. त्याच चोवीस तासांत कुलाब्याला ७३ मिलिमीटर. दोन ठिकाणांमधलं अंतर वीस-पंचवीस किलोमीटरचं. दोन्हींची सरासरी काढली तर साधारण ५०८ मिलिमीटर येते. गणित बरोबर आहे, पण हा आकडा मुंबईतल्या कुठल्या माणसाचा? उपनगरांत लोक छातीभर पाण्यातून घरी चालत निघाले होते, शेकडो माणसं त्या पुरात गेली. दक्षिण मुंबईत तो पावसाळ्यातला एक नेहमीसारखा दिवस होता. ५०८ मिलिमीटर हा आकडा यांच्यातल्या कुणाचीच हकिकत सांगत नाही. आठवीच्या मुलांसमोर हे दोन आकडे ठेवले की त्यांना सरासरीचं सामर्थ्य आणि तिची मर्यादा एकदमच कळते.

जमिनीचंही तसंच. दहा शेतकरी आहेत असं समजा. नऊ जणांकडे दोन-दोन एकर आणि एकाकडे ५२ एकर. सरासरी ७ एकर, मध्यक २ एकर. खेड्यातल्या मुलांना या दोन आकड्यांमधला फरक शिकवावा लागत नाही. तो त्यांना जन्मापासून माहीत असतो. त्यांच्याकडे फक्त तो मांडण्याची भाषा नसते. ही भाषा देणं हे गणिताच्या शिक्षकाचंच काम आहे, असं मला हळूहळू वाटू लागलं.

तरीही माझ्यातली जुनी गणितवाली पूर्ण मानत नव्हती. हे सगळं उपयोगाचं आहे, पण खोल आहे का, हा प्रश्न उरला होता. त्याचं उत्तर मला पिकाच्या कापणीत मिळालं.

शितावरून भाताची परीक्षा आपण सगळेच करतो. ती चालते, कारण भांड्यातलं पाणी सारखंच उकळत असतं आणि शितं साधारण एकाच वेळी शिजतात. शेत तसं नसतं. विहिरीजवळचा तुकडा वेगळा, बांधाकडचा वेगळा, माळाकडचा वेगळा. मग गावात किंवा मंडळात बाजरी किती पिकली, हे कसं ठरवायचं? त्यासाठी पीक कापणी प्रयोग असतात. शेतं आणि शेतातली जागा यादृच्छिक पद्धतीनं, म्हणजे कुणाच्या मर्जीवर न सोडता निवडायची, ठरलेल्या मापाचा तुकडा आखायचा, त्यातलं पीक कापून, झोडपून तोलायचं. आपल्या राज्यात अनेक पिकांसाठी हा तुकडा १० मीटर लांब आणि ५ मीटर रुंद असतो. मुलांनी तलाठी आणि कृषी सहायक दोरी-खुंट्या घेऊन शेतात उभे असलेले पाहिलेले असतात.

या पद्धतीच्या घडणीत ज्यांचा मोठा वाटा, ते पांडुरंग वासुदेव सुखात्मे आमच्याच जिल्ह्यातले. १९११ साली त्यांचा जन्म खटाव तालुक्यातल्या बुध गावी झाला. १९४०च्या दशकात भारतीय कृषी संशोधन परिषदेत असताना पीक पाहणीच्या पद्धतींवर त्यांनी मूलभूत काम केलं. त्या काळात एक मोठा वाद होता. बंगालमध्ये प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या पाहण्यांत अगदी लहान तुकडे कापले जात. त्यामागचा विचार भक्कम होता: लहान तुकड्याला वेळ कमी लागतो, म्हणून जास्त ठिकाणी जाता येतं. सुखात्म्यांनी दाखवलं, की तुकडा फार लहान असला तर उत्पन्न खऱ्यापेक्षा जास्त दिसतं. कारण कडेवरची रोपं. दोरीवर आलेलं ताट आत धरायचं की बाहेर, असा प्रश्न आला की कापणाऱ्याचा हात ते आत ओढतो. त्यात लबाडी नसते. माणसाचा कल तसा असतो.

आता याचं गणित पाहा. १ मीटर बाजूचा चौरस घेतला तर क्षेत्रफळ १ चौरस मीटर आणि परिमिती ४ मीटर. म्हणजे दर चौरस मीटरामागे ४ मीटर कड. १० मीटर गुणिले ५ मीटरचा आयत घेतला तर क्षेत्रफळ ५० चौरस मीटर, परिमिती ३० मीटर. दर चौरस मीटरामागे कड फक्त ६० सेंटिमीटर. तुकडा लहान, तितका कडेचा वाटा मोठा, आणि तितकी कडेवरची चूक आकड्यात जास्त मिसळणार. यातलं सगळं गणित उच्च प्राथमिकच्या परिमितीच्या आणि क्षेत्रफळाच्या धड्यात आहे. शाळेच्या मैदानात एक लहान आणि एक मोठी चौकट आखून गवताचे ठोंब मोजायला लावले, तर कडेवरच्या ठोंबांवरून मुलांत जी वादावादी होते तीच सुखात्म्यांची समस्या आहे. जास्त वेळा मोजल्यानं सगळ्याच चुका धुऊन निघत नाहीत, हा फार खोल विचार आहे. वर-खाली होणाऱ्या चुका एकमेकींना खोडतात. एकाच बाजूला झुकणाऱ्या चुका कितीही वेळा मोजलं तरी तशाच राहतात. हा विचार बारा-तेरा वर्षांच्या मुलांच्या आवाक्यात आहे. हे ज्या दिवशी मला पटलं, त्या दिवशी सांख्यिकीला ‘सोपं प्रकरण’ म्हणणं माझ्यापुरतं संपलं.

शिवाय हे आकडे मुलांच्या घरात येतात. पीक विम्यात महसूल मंडळाचं सरासरी उत्पन्न या कापणी प्रयोगांवरून ठरतं. ते उंबरठा उत्पन्नाच्या खाली गेलं तर त्या आधारावर भरपाई मिळते. एखाद्याचं रान पूर्ण गेलं आणि मंडळाचा आकडा मात्र बरा आला, तर त्या घराच्या पदरात या हिशेबानं काही पडत नाही. आपल्या वडिलांचं पीक बुडालं तरी पैसे का आले नाहीत, हा प्रश्न मुलं घरात ऐकत असतात. त्या प्रश्नाचा अर्धा भाग कारभाराचा आहे, अर्धा सरासरीचा. गणिताच्या तासाला निदान दुसरा अर्धा तरी समजावा.

सुखात्म्यांचं नाव निघालं म्हणून आणखी एक वाद सांगते, कारण माझ्या मतबदलात त्याचा वाटा मोठा आहे. १९७१मध्ये पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतले वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांचा भारतातल्या दारिद्र्यावरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. माणशी रोज २२५० कॅलरी मिळतील इतका खर्च जे करू शकत नाहीत ते गरीब, अशी रेघ त्यांनी आखली होती. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेतून पुण्यात परतलेल्या सुखात्म्यांनी अशा रेघेवर आक्षेप घेतला. त्यांचं म्हणणं, सरासरी गरज ही उंबरठा म्हणून वापरता येत नाही. धडधाकट माणसांतही गरज माणसागणिक बदलते, त्याच माणसाची आज वेगळी आणि उद्या वेगळी असते, आणि सुमारे निम्म्या निरोगी माणसांची गरज सरासरीच्या खालीच असणार. त्यांना उपाशी कसं मोजायचं? उलट बाजूनं विचारलं गेलं, की रेघ खाली आणली तर खरोखरचे भुकेले कागदावरून गळणार नाहीत का? हा वाद बरीच वर्षं चालला आणि दोन्ही बाजूंना गरिबांविषयी कळकळ असलेली माणसं होती.

या वादाचा गाभा आठवीतल्या मुलाला समजतो. वर्गातल्या उंचीची सरासरी काढा आणि विचारा: सरासरीपेक्षा बुटकी असलेली सगळी मुलं आजारी म्हणायची का? मुलं एका आवाजात नाही म्हणतात. मग विचारा: मग कुणाकडे डॉक्टरांनी लक्ष द्यायचं, हे कसं ठरवाल? इथे वर्गात मतं फुटतात, आणि ती फुटायलाच हवीत. रेघ कुठे आखायची हे गणित एकटं ठरवत नाही. पण रेघ इथून तिथे सरकवली तर कोण आत येतं आणि कोण बाहेर जातं, हे गणितच दाखवतं. लाखो माणसांच्या ताटाचा निर्णय ज्या विचारावर होतो, तो विचार मी ‘चौथीतली बेरीज’ म्हणून बाजूला ठेवत होते, हे मला इथे उमगलं.

आता माझ्या पहिल्या कारणाकडे, म्हणजे खात्रीकडे येते. ‘साधारण’ शिकवलं तर मुलं ढिली होतील, ही माझी धास्ती होती. अनुभव वेगळा आला. ‘साधारण’ नीट शिकलेली मुलं जास्त काटेकोर होतात. कुणी म्हटलं, आपल्या शाळेतल्या मुलांना भाजीपेक्षा डाळ जास्त आवडते, की ती विचारतात: किती जणांना विचारलं? कुणाला विचारलं? खेळाच्या मैदानावर विचारलं की जेवणाच्या रांगेत? सगळ्यांच्या देखत हात वर करायला लावले की चिठ्ठीवर लिहून घेतलं? ‘प्रथम’ संस्थेच्या ‘असर’ पाहणीत जिल्ह्यातली ३० गावं आणि गावातली २० घरं निवडून मुलांचं वाचन आणि गणित तपासतात, हे सांगितल्यावर मुलांचा पहिला प्रश्न असतो, ‘वीसच घरं का? आणि कोणती वीस?’ हाच प्रश्न शिकवायचा होता. त्रिकोणाच्या कोनांबद्दल खात्री असणं ही एक शिस्त, आणि आपली खात्री कितपत आहे हे जोखता येणं ही दुसरी. पहिलीशिवाय दुसरी लुळी पडते, हे खरं. पण दुसरीशिवाय पहिली शाळेच्या फाटकाबाहेर फारशी जात नाही.

आणि वाट पाहण्याबद्दल. बीजगणित पक्कं झाल्यावर सांख्यिकी शिकवू, असं मी म्हणत होते. पण दहावीनंतर किती मुलं गणित घेतात? कला शाखेला जाणारी, आयटीआयला जाणारी, शिक्षण सोडून कामाला लागणारी मुलं पुढची पन्नास वर्षं पाऊस, भाव, विमा, कर्ज, निवडणुकीचे अंदाज आणि औषधांच्या जाहिराती यांतले आकडे ऐकत जगणार आहेत. त्यांच्यासाठी ‘नंतर’ येतच नाही. सहावी ते आठवी ही सगळी मुलं एकत्र बसलेली असण्याची शेवटची निवांत वर्षं आहेत. नववीपासून बोर्डाची परीक्षा डोक्यावर असते.

जुन्या मतातलं काही मी अजूनही सोडलेलं नाही. बीजगणिताचा आणि सिद्धतेचा एकही तास कमी करू नये. सांख्यिकीला लागणारा वेळ भूमितीतल्या मोजमापातून, शेकडेवारीतून, विज्ञानाच्या प्रयोगांतून आणि भूगोलाच्या तासांतून काढावा, कारण तिथे ती आपोआप येते. लांबच लांब बेरजांचे भागाकार करून घेण्याला मी आजही सांख्यिकी म्हणत नाही. आणि मुलांच्या घरचं उत्पन्न, त्यांचं वजन, त्यांचे मार्क ही वर्गात फळ्यावर मांडायची सामग्री नव्हे. आकडा ज्याचा आहे त्याला तो सांगताना मान खाली घालावी लागत असेल, तर तो आकडा गोळा करू नये. हाही सांख्यिकीचाच पहिला धडा आहे.

मग नेमकं काय करावं? सहावीत मोजमापातला फरक, ठिपक्यांचे आलेख आणि मध्यक. सरासरीचं सूत्र इथे नकोच. सातवीत सरासरी, पण ती तोल म्हणून, उलट्या प्रश्नांतून. आणि सरासरी व मध्यक कुठे जवळ येतात, कुठे लांब जातात याची उदाहरणं. आठवीत नमुना: कोण निवडला, कसा निवडला, एकाच बाजूला झुकणारी चूक कुठून येते. तिन्ही वर्षं सुरुवात मुलांच्या प्रश्नानं व्हावी, पुस्तकातल्या तयार सारणीनं नव्हे. तयार सारणीत फरक आधीच पुसलेला असतो, आणि फरक पाहण्यासाठीच तर हा विषय आहे.

आणि हे प्रकरण वर्षाच्या शेवटी ठेवू नये. महालनोबिस यांचा जन्मदिवस २९ जून हा २००७पासून देशात सांख्यिकी दिन म्हणून पाळला जातो. आमच्या भागात तेव्हा शाळा नुकत्याच सुरू झालेल्या असतात आणि पाऊसही. सरळ बाजूंचं एक भांडं उघड्यावर ठेवून रोज सकाळी साडेआठला पाण्याची उंची मिलिमीटरमध्ये लिहायची, एवढ्यावर सुरुवात होते. दोन-तीन वाड्यांवरच्या मुलांनी आपापल्या दारात तसं भांडं ठेवलं, तर ऑगस्टपर्यंत त्यांच्या हातात त्यांचे स्वतःचे आकडे असतात, आणि एकाच गावात एकाच दिवशी ते वेगवेगळे का, हा प्रश्नही असतो. सरासरी शिकवायची खरी वेळ तेव्हा येते. माझ्या गणितशिक्षक मित्रमैत्रिणींना माझं सांगणं एवढंच आहे: या प्रकरणासाठी फेब्रुवारीची वाट पाहू नका. मुलांना आधी फरक पाहू द्या, त्यावर भांडू द्या, आणि त्यांना गरज भासली की मग सरासरी त्यांच्या हाती द्या. गरज ओळखून घेतलेलं साधन ती आयुष्यभर वापरतील, आणि दुसऱ्या कुणी त्याच साधनानं त्यांना फसवू पाहिलं, तर तेही ओळखतील.